शोधली की सापडणारी, पुन्हा वापरता येणारी ॲनिमेशनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात दर रविवारी सकाळी प्रोग्रॅमिंग शिकायला जमणाऱ्या आमच्या गटासाठी आम्ही छोट्या ॲनिमेशनांचा एक संग्रह तयार करतो आहोत. शिकायला येणाऱ्यांत डिप्लोमाची मुलं आहेत, दिवा-कळव्याहून येणाऱ्या नोकरदार बायका आहेत, घणसोलीहून ट्रान्सहार्बर लोकलने येणारे निवृत्त काकाही आहेत. बहुतेकांची शाळा मराठी माध्यमाची. घरी सगळ्यांकडे लॅपटॉप नसतो, फोन मात्र असतो. मदतीला नवीन माणूस आला की पहिल्या दोन आठवड्यांत ठरावीक प्रश्न येतातच. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

एका ॲनिमेशनमध्ये किती मावायला हवं?

एक प्रश्न. तेवढाच.

सुरुवातीला आम्ही असं करत नव्हतो. लूप म्हणजे तीच कृती पुन्हापुन्हा करायला सांगणारा कोड; त्यावर ‘लूप: संपूर्ण माहिती’ या नावाचं तीन मिनिटांचं ॲनिमेशन आम्ही खूप मेहनतीने केलं होतं. त्यात सगळं होतं आणि म्हणूनच त्यातलं काहीच कुणाला सापडत नव्हतं. एका रविवारी कळव्याच्या एका ताईंनी विचारलं, “लूप संपल्यावर ‘आय’मध्ये काय उरतं?” ‘आय’ हे लूपमध्ये मोजणी ठेवणारं नाव. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत रेंज(५) वर लूप फिरवला की आय ० पासून ४ पर्यंत जातो आणि लूप संपल्यावरही त्यात ४ तसाच राहतो. त्यांना वाटत होतं ५ राहील, किंवा आय पुसला जाईल. याचं उत्तर आमच्या तीन मिनिटांत होतं, दुसऱ्या मिनिटाच्या मध्यावर कुठेतरी. पण ते तिथे आहे हे त्यांना कळणार कसं? आणि मलाही त्यांना तेवढाच तुकडा काढून देता येईना.

त्या दिवसापासून आमचं काम उलट्या टोकाने सुरू होतं. आधी प्रश्न लिहायचा, शिकणाऱ्याच्याच शब्दांत. तो प्रश्न हेच ॲनिमेशनचं नाव. मग चित्र. ‘लूप संपल्यावर आयमध्ये काय उरतं?’ हे ॲनिमेशन १२ सेकंदांचं आहे आणि लूपच्या धड्यात, फंक्शनच्या धड्यात, चुका शोधण्याच्या धड्यात अशा तिन्ही ठिकाणी जसंच्या तसं बसतं. सापडणं आणि पुन्हा वापरता येणं या आम्हाला आधी दोन वेगळ्या गोष्टी वाटायच्या. दोन्ही एकाच ठिकाणी ठरतात: प्रश्न किती नेमका आहे तिथे.

पण असे प्रश्न मिळतात कुठून?

वहीतून. वर्गात एक साधी दोनशेपानी वही फिरते. कुणी काही विचारलं की शेजारी बसलेला ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतो. व्याकरण सुधारायचं नाही, इंग्रजी शब्दाचं मराठी करायचं नाही, मराठीचं इंग्रजीही नाही. ‘इक्वल टू दोनदा का लिहायचं’ हा वहीतला प्रश्न आहे. ‘असाइनमेंट आणि तुलना यांतील फरक’ असं शीर्षक शिकवणारा देतो, शिकणारा कधीच शोधत नाही.

दुसरा झरा म्हणजे संग्रहात शोधून काहीच न मिळालेले शब्द. कुणी काय टाइप केलं आणि हाती शून्य आलं, एवढीच नोंद आम्ही ठेवतो. कुणी शोधलं याची ठेवत नाही. महिन्याच्या शेवटी ती यादी वाचतो. माझ्या मते नव्या स्वयंसेवकाने सर्वात आधी वाचायची गोष्ट हीच.

इतक्या ॲनिमेशनांमध्ये ठाणे-वाशी मार्गाची स्थानकं का दिसतात?

कारण ती यादी वर्गातल्या प्रत्येकाला पाठ आहे, आणि त्या यादीत एक घटना खरोखर घडली आहे.

ठाणे, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. ही आठ नावं ॲरेमध्ये, म्हणजे क्रमांक दिलेल्या घरांच्या ओळीत, ठेवली तर ठाणे ० वर आणि वाशी ७ वर. मोजणी शून्यापासून का, हा प्रश्नही इथेच सुटतो: ठाण्यापासून किती स्थानकं पुढे गेलो, तो आकडा म्हणजे इंडेक्स. ठाण्यात उभे असताना आपण शून्य स्थानकं पुढे गेलेलो असतो.

मग जानेवारी २०२४ मध्ये ठाणे आणि ऐरोली यांच्या मधे दिघा गाव स्थानक सुरू झालं. ॲरेच्या मधोमध नवीन घटक घालणं म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला कुठे मिळालेलं नाही. दिघा गावला १ क्रमांक हवा. तिथे ऐरोली बसलेली आहे. म्हणजे ऐरोलीपासून वाशीपर्यंत सातही नावांना एकेक घर सरकावं लागणार. आता खरा प्रश्न: आधी कोण सरकणार? वर्गात विचारलं तर बहुतेक जण म्हणतात, ऐरोली. ॲनिमेशनमध्ये आम्ही तसंच करून दाखवतो. ऐरोली रबाळेच्या घरात जाते आणि रबाळे पुसलं जातं. मग तीच ऐरोली पुढच्या घरात उतरते, घणसोली पुसली जाते, आणि शेवटी वाशीपर्यंत नुसती ऐरोलीच ऐरोली. वर्गात त्या क्षणी ‘अरे!’ असा आवाज येतो. त्यानंतर बरोबर क्रम दाखवतो: वाशी आधी ८ वर जाते, मग तिच्या रिकाम्या घरात सानपाडा, मग तुर्भे, असं मागून पुढे. हे नुसतं सांगून समजत नाही, डोळ्यांसमोर सरकावंच लागतं. ॲनिमेशनचा खरा उपयोग अशाच जागी होतो.

तीच आठ नावं लिंक्ड लिस्टमध्ये, म्हणजे प्रत्येक घटक बाणाने पुढचा घटक दाखवतो अशा यादीत, ठेवली की दुसरं ॲनिमेशन तयार होतं. तिथे कुणी सरकत नाही. ठाण्याचा बाण ऐरोलीवरून सोडवून दिघा गावकडे वळवायचा आणि दिघा गावचा बाण ऐरोलीकडे. मात्र पाचवं स्थानक कोणतं असं विचारलं तर ठाण्यापासून एकेक बाण धरून चालत जावं लागतं. दोन्ही ॲनिमेशनांत स्थानकांची चौकट, रंग, अक्षरं अगदी सारखी ठेवली आहेत. त्यामुळे पाहणाऱ्याचं लक्ष जे बदललं तिकडेच जातं.

स्थानकाची ही चौकट आमच्याकडे एकदाच काढलेली आहे आणि सगळीकडे तीच वापरली जाते. कृपया नवीन काढू नका.

माझ्याकडे छान उपमा आहे. वापरू का?

वापरा, पण आधी ती कुठे मोडते ते शोधा. प्रत्येक उपमा कुठेतरी मोडतेच. प्रश्न एवढाच, की शिकणारा त्या जागी तिसऱ्या दिवशी पोचतो की तिसऱ्या वर्षी.

व्हेरिएबल म्हणजे कोडमध्ये माहितीला दिलेलं नाव. ‘व्हेरिएबल म्हणजे डबा’ ही उपमा आम्ही पहिले काही महिने सगळीकडे वापरली. आकड्यांपुरतं ठीक चालतं. मग पायथनमध्ये यादी आली. ‘अ’मध्ये यादी ठेवली, ‘ब = अ’ लिहिलं, ‘ब’मध्ये एक घटक वाढवला, तर ‘अ’मध्येही तो दिसू लागला! ज्यांच्या डोक्यात दोन डबे पक्के बसले होते त्यांचा यावर विश्वासच बसेना. पायथनमध्ये नाव म्हणजे डबा नसतो. वस्तूला लावलेली चिठ्ठी असते, आणि एकाच वस्तूला दोन चिठ्ठ्या लागू शकतात. आम्ही डब्याची सगळी ॲनिमेशनं मागे घेतली आणि चिठ्ठीची केली. डबा हे चित्र फार ओळखीचं, फार घरगुती होतं, म्हणून तर ते इतकं खोल रुतलं. याची मला आजही चुटपुट लागते, कारण त्या पहिल्या तुकडीतल्या काहींना आधी शिकलेलं पुसून पुन्हा शिकावं लागलं.

स्टॅकसाठी ‘चळत’ हा शब्द मात्र निःशंक वापरा. ताटांची चळत, वरचं ताट आधी निघतं, मधलं ओढलं तर सगळं कोसळतं. मराठीत हा शब्द आयताच आहे. क्यूसाठी रांग. स्टेशनबाहेरची शेअर रिक्षाची रांग सगळ्यांना माहीत आहे, फक्त मधे घुसणारा माणूस चित्रात दाखवू नका. तो दाखवला की विषय प्रायॉरिटी क्यूकडे (महत्त्वानुसार आधी घेणाऱ्या रांगेकडे) वळतो आणि ते वेगळं ॲनिमेशन आहे.

नाव बरोबर दिलं, टॅग दिले, तरी शोधल्यावर सापडत नाही. असं का?

मराठीत शोध लावायचा तर चार-पाच अडचणी आहेत. प्रत्येकीने आमचे काही तास घेतले आहेत, म्हणून हे उत्तर लांब आहे.

पहिली अडचण दिसतच नाही. ‘ॲरे’ हा शब्द घ्या. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या प्रमाण यादीत, स्वतंत्र आहे. पण बरेच कीबोर्ड ‘अ’ला चंद्राची खूण जोडून ‘अॅ’ बनवतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी हे वेगळे शब्द. शिवाय हिंदी कीबोर्डवरून येणारा ‘ऍ’ तिसरा. म्हणजे ॲरे, अॅरे आणि ऍरे असे तीन वेगळे शोध. युनिकोडचं प्रमाणीकरण करून घेतलं की हे आपोआप एक होईल असं आम्हाला वाटलं होतं. तसं होत नाही. ही तीन रूपं प्रमाण नियमांत एकमेकांशी जोडलेलीच नाहीत, ती बदलण्याचा नियम आपणच लिहावा लागतो.

‘ऱ’चंही तसंच, थोडं वेगळं. ‘र’खाली नुक्ता देऊन केलेला ‘ऱ’ आणि एकसंध ‘ऱ’ हे प्रमाणीकरणात एक होतात. पण ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड ‘ऱ’ वापरतात, काही साध्या ‘र’नंतर हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. दिसायला एकच. हेही आपल्याला हाताने एक करावं लागतं. शोधाचा शब्द आणि संग्रहातला शब्द, दोन्ही एकाच चाळणीतून गेले पाहिजेत. एकच गाळला तर उपयोग नाही.

दुसरी अडचण आपल्या भाषेच्या स्वभावातली आहे. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो. लूपमध्ये, लूपचा, लूपला, लूपमधून. माणूस ‘लूपमधून बाहेर कसं पडायचं’ असं शोधतो आणि टॅग असतो नुसता ‘लूप’. शोधलेला शब्द टॅगपासून सुरू होतो का, एवढं पाहिलं तरी बरंच काम होतं. पण सामान्यरूप आलं की तेही पुरत नाही. ‘रांग’चं ‘रांगेत’ होतं, तिथे सुरुवातीचा भाग टिकतो. ‘आकडा’चं ‘आकड्यात’ होतं, तिथे शेवटचं अक्षरच पालटतं. अशा शब्दांसाठी आम्ही टॅगमध्ये मूळ रूप आणि सामान्यरूप दोन्ही देतो: आकडा, आकड्या. ओबडधोबड उपाय आहे, पण चालतो.

तिसरी, लेखनातली भिन्नता. लूप की लुप? व्हेरिएबल, व्हेरियेबल की व्हेरीएबल? शुद्धलेखनाचा आग्रह पडद्यावरच्या मजकुरात जरूर धरा, शोधात धरू नका. शोधताना ऱ्हस्व-दीर्घ आम्ही एकच मानतो. शिकायला आलेल्या माणसाला वेलांटीवरून रिकाम्या हाताने परत पाठवणं मला पटत नाही.

चौथी: अर्ध्याहून जास्त वेळा लोक मराठीच लिहितात, पण रोमन लिपीत. त्यामुळे प्रत्येक ॲनिमेशनला ‘याच अर्थाचे शब्द’ असा एक रकाना आहे. त्यात देवनागरी रूपं, रोमन रूपं, इंग्रजी संज्ञा आणि शाळेच्या गणितातला शब्द लिहायचा. मराठी माध्यमाच्या गणितात व्हेरिएबलला ‘चल’ म्हणतात. दहावीत चल शिकलेल्या माणसाला तो शब्द इथे भेटला की बरं वाटतं, हे मी पाहिलं आहे.

आणि शेवटी, कोड चुकला की येणारे संदेश. नवशिका संकल्पना फार कमी शोधतो, लाल अक्षरांत आलेला संदेश जास्त शोधतो. ‘लिस्ट इंडेक्स आउट ऑफ रेंज’ हा संदेश ज्या ज्या ॲनिमेशनने सुटतो त्या प्रत्येकाच्या रकान्यात तो मूळ इंग्रजी अक्षरांत जसाच्या तसा चिकटवा.

शिवाजी किंवा कृतिदेव फाँटमध्ये टाइप केलेला जुना मजकूर चालेल का?

नाही. त्या फाँटांत आत रोमन अक्षरं असतात, फक्त त्यांचा चेहरा देवनागरी असतो. शोधाला तिथे मराठी दिसतच नाही. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदललेलं एकदा डोळ्यांनी वाचा. जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात.

फाईल कोणत्या प्रकारात द्यायची? जिफ सोपी नाही का?

जिफ सोपी आहे, पण पायऱ्या दाखवायच्या असतील तर ती आम्ही घेत नाही. जिफ १९८७ सालची आहे. एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त २५६ रंग, आवाज नाही, आणि मुख्य म्हणजे पाहणाऱ्याच्या हातात ती थांबवायचं बटण नसतं. माणूस पान उघडतो तेव्हा ती तिसऱ्या पायरीवर असते. सुरुवात कुठली, शेवट कुठला हेच कळत नाही. शिवाय तिच्यातली अक्षरं म्हणजे नुसते ठिपके. ती शोधता येत नाहीत, बदलताही येत नाहीत.

आम्ही मूळ फाईल एसव्हीजीत ठेवतो. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २००१ मध्ये मान्य केलेला हा प्रकार मुळात साधा मजकूरच आहे. त्यात ‘ही चौकट, हा रंग, ही अक्षरं’ असं लिहिलेलं असतं. कुठल्याही एडिटरमध्ये उघडता येतो, दोन आवृत्त्यांमधला फरक ओळीओळीने पाहता येतो, आणि शीर्षक व वर्णन यांच्यासाठी आतच जागा असते. चित्र इंकस्केपमध्ये काढतो, हालचाल सीएसएसने देतो, पुढची-मागची पायरी थोड्याशा जावास्क्रिप्टने.

एक खाच लक्षात ठेवा. एसव्हीजी पानावर साध्या चित्रासारखी लावली तर ती बाहेरचा फाँट आणू शकत नाही, आतली अक्षरं निवडताही येत नाहीत. मग अक्षरं भलत्याच फाँटमध्ये दिसतात. ती पानाच्या आतच लिहा, किंवा फाँट फाईलमध्येच घाला. मुक्ता आणि नोटो सान्स देवनागरी हे दोन्ही ओपन फाँट परवान्याचे असल्यामुळे असं करायला मोकळीक आहे. अक्षरांची बाह्यरेषा करून टाकण्याचा मोह होईल, कारण मग सगळीकडे सारखं दिसतं. तसं फक्त वाटपाच्या प्रतीत करा, मूळ फाईलमध्ये कधीही नाही.

व्हॉट्सॲपसाठी छोटा व्हिडिओ लागतोच, तो मूळ फाईलवरून तयार करायचा. पाठवताना तो दाबला जातो, म्हणून अक्षरं मोठी ठेवा. मुंब्र्याहून गर्दीच्या लोकलमध्ये उभं राहून, एका हातात फोन धरून वाचता आलं पाहिजे.

लॉटीबद्दल बरेच जण विचारतात. एअरबीएनबीने २०१७ मध्ये खुला केलेला हा प्रकार चांगला आहे, पण तो दाखवायला वेगळा प्लेअर लागतो. सध्या तेवढं ओझं आम्हाला नको आहे.

व्हिडिओत ‘कि’ची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली. काय चुकलं?

सॉफ्टवेअर देवनागरीची जुळणी करत नाही, अक्षरं टाइप झाली त्या क्रमाने नुसती मांडतं. सेटिंगमध्ये भारतीय भाषांसाठीचा पर्याय सापडतो का पहा. नसेल तर सॉफ्टवेअर बदला. बाहेर देण्याआधी ‘किंमत’, ‘स्ट्रिंग’ आणि ‘दुसऱ्या’ हे तीन शब्द टाइप करून बघायचे. तिन्ही नीट उमटले तर बाकीचंही उमटतं.

पुन्हा वापरता यावं म्हणून फाईलची रचना कशी ठेवायची?

चित्र, मजकूर आणि वेळ हे तीन थर वेगळे ठेवा. स्थानकाची चौकट, चिठ्ठी, बाण, चळत हे चित्राचे तुकडे एका जागी. प्रत्येक पायरीची वाक्यं दुसऱ्या फाईलमध्ये. कुठली पायरी किती सेकंद, हे तिसरीकडे. असं केलं की वाशीतल्या कुणाला तेच ॲनिमेशन जावा भाषेसाठी हवं असेल तर फक्त वाक्यं बदलायची, चित्राला हात लावायचा नाही. वेग कमी हवा असेल तर आकडे बदलायचे.

आणखी एक छोटी पण फार उपयोगी सवय: ॲनिमेशनच्या आत धड्याचा क्रमांक, ‘मागच्या रविवारी आपण पाहिलं’ अशी वाक्यं, तुकडीचं नाव, काहीच घालू नका. अशा एका वाक्याने ते त्या धड्याला कायमचं चिकटतं.

लांबी आणि वेग किती?

आमचा नियम २० सेकंदांच्या आत, आणि प्रत्येक पायरीनंतर थांबा. बबल सॉर्टला (शेजारशेजारच्या आकड्यांची तुलना करत क्रम लावण्याच्या पद्धतीला) आठ आकडे घेतले तर २८ तुलना होतात, पाच घेतले तर १०. कल्पना तीच कळते, म्हणून पाचच घ्या. ५ सेकंदांपेक्षा जास्त काळ आपोआप हलणाऱ्या गोष्टीला थांबवायची सोय हवी, असं वेबच्या सुगम्यतेच्या नियमावलीत २००८ च्या आवृत्तीपासून आहे. त्याच नियमावलीनुसार सेकंदात तीनहून जास्त वेळा काही लखलखू नये, काहींना त्याने फेफऱ्याचा झटका येऊ शकतो. आमच्याकडे लखलखणारं काहीच घेत नाही.

ॲनिमेशनने खरंच शिकता येतं का? की नुसतं बघायला बरं वाटतं?

नुसतं पाहून फार होत नाही, हे अभ्यासांतूनही दिसलं आहे आणि वर्गातही. अल्गोरिदम, म्हणजे एखादं काम करायच्या ठरलेल्या पायऱ्या, हलत्या चित्रांतून शिकवण्याची कल्पना जुनी आहे. टोरँटो विद्यापीठात रोनाल्ड बेकर यांनी १९८१ मध्ये सॉर्टिंगच्या ९ पद्धतींवर ३० मिनिटांची फिल्म केली होती. पुढे २००२ मध्ये हंडहाउसेन, डग्लस आणि स्टॅस्को यांनी अशा दृश्यांवरचे २४ प्रयोग एकत्र तपासले. निष्कर्ष असा, की चित्र काय दाखवतं यापेक्षा शिकणारा त्याच्याशी काय करतो, याने जास्त फरक पडतो. त्याच वर्षी बार्बरा ट्व्हर्स्की आणि सहकाऱ्यांनी लिहिलं, की हलती चित्रं बऱ्याचदा इतकी गुंतागुंतीची किंवा वेगवान असतात, की ती नीट टिपताच येत नाहीत.

म्हणून आमच्या प्रत्येक ॲनिमेशनमध्ये एक जागा अशी असते जिथे ते थांबतं आणि विचारतं: पुढे काय होईल? दिघा गावच्या ॲनिमेशनमध्ये ‘आधी कोण सरकेल?’ हा तोच थांबा. माणसाने मनात का होईना उत्तर दिल्याशिवाय पुढची पायरी उलगडत नाही. हा थांबा नसलेलं ॲनिमेशन कितीही देखणं असलं तरी आम्ही परत पाठवतो.

पायथन ट्यूटर, व्हिज्युॲल्गो असताना हे सगळं कशाला?

ही दोन्ही संकेतस्थळं आहेत ती वापराच. फिलिप गुओ यांचं पायथन ट्यूटर २०१० पासून आहे. स्वतःचा कोड ओळीओळीने चालताना पाहायचा असेल तर त्याला तोड नाही. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या स्टीव्हन हलिम यांचं व्हिज्युॲल्गो २०११ चं, डेटा स्ट्रक्चरसाठी, म्हणजे ॲरे, स्टॅक अशा रचनांसाठी, उत्तम. तिथे जे चांगलं मिळतं ते आम्ही पुन्हा काढत नाही, दुवा देतो. आम्ही करतो ते त्याच्या आधीचं: मराठीत पडलेला छोटासा प्रश्न, फोनवर, नेटवर्क नसलं तरी.

ॲनिमेशनमधला कोड मराठीत लिहावा का?

कीवर्ड, म्हणजे भाषेचे स्वतःचे राखीव शब्द, इंग्रजीतच राहतील. नावं मात्र पायथन ३ पासून, म्हणजे २००८ पासून, देवनागरीत देता येतात. ‘वय’, ‘भाडे’, ‘स्थानक’ ही नावं चालतात. शिकणाऱ्याने ‘५’ असं देवनागरीत टाइप केलं तरी इंट फंक्शन त्याचा आकडा करून देतं, कोडमध्ये थेट लिहायचा आकडा मात्र रोमनच हवा. पहिल्या महिन्याच्या ॲनिमेशनांत आम्ही देवनागरी नावं वापरतो. कोणता शब्द भाषेचा आणि कोणता आपण दिलेला, हे त्यामुळे एका नजरेत कळतं. हा फायदा आम्हाला अनपेक्षित होता. पुढे रोमन नावांकडे वळतो, कारण नोकरीत तीच दिसणार.

ज्यांना दिसत नाही किंवा रंग ओळखता येत नाहीत, त्यांचं काय?

बरोबर-चूक हे फक्त हिरव्या-लाल रंगाने दाखवू नका, सोबत खूण किंवा रेघांचा फरक द्या. फोनमध्ये हालचाल कमी करण्याची सेटिंग चालू असेल तर आमचं पान त्याच पायऱ्या स्थिर चित्रांच्या ओळीत दाखवतं. आणि प्रत्येक ॲनिमेशनखाली पूर्ण पायऱ्या शब्दांत लिहिलेल्या असतात: ‘वाशी ७ वरून ८ वर गेली. ७ रिकामं झालं. सानपाडा ६ वरून ७ वर आला.’ ऐकून शिकणाऱ्यासाठी हे लिहायला घेतलं. नंतर लक्षात आलं की शोधात सगळ्यात जास्त सापडतात तीही हीच वाक्यं. त्यामुळे हा मजकूर शेवटी उरकून टाकायचं काम नाही. आमच्याकडे तो चित्राच्या आधी लिहिला जातो. शब्दांत पायऱ्या नीट मांडता येत नसतील तर चित्रातही येणार नाहीत.

दुसऱ्यांनी वापरायला परवानगी लागते का?

आमचं सगळं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बाय-एसए ४.० परवान्याखाली आहे. वापरा, बदला, श्रेय द्या, आणि बदललेलंही त्याच अटींवर मोकळं ठेवा. तुम्ही दिलेल्या फाईलवर परवाना लिहिलेला नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क तुमच्याकडेच राहतात आणि दुसरा कुणी ती बदलून वापरू शकत नाही. म्हणून परवान्याची ओळ फाईलच्या आतच लिहा. सिनेमातली पात्रं, गाण्यांचे तुकडे, नेटवरून उचललेली चित्रं घेत नाही.

ॲनिमेशनमध्ये चूक सापडली तर?

कळवा, आणि लगेच कळवा. प्रत्येकाला एक कायमचा क्रमांक आहे. नाव बदलेल, चित्र बदलेल, क्रमांक बदलणार नाही, त्यामुळे जुन्या धड्यांतले दुवे तुटत नाहीत. दुरुस्ती झाली की तारीख आणि काय बदललं ते दोन ओळींत लिहितो. डब्याची ॲनिमेशनंही पुसलेली नाहीत. त्या क्रमांकावर गेलात तर ‘हे मागे घेतलं आहे’ असं कारणासकट दिसतं आणि शेजारी चिठ्ठीचं ॲनिमेशन.

मला चित्र काढता येत नाही. माझा काय उपयोग?

सगळ्यात मोठी टंचाई चित्रकारांची नाहीच. वहीतला प्रश्न घेऊन त्याच्या पायऱ्या शब्दांत लिहिणारी माणसं हवी आहेत. ‘याच अर्थाचे शब्द’ हा रकाना भरणारी हवी आहेत. आमचा सर्वात चांगला रकाना भरणाऱ्या बाईंनी शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं आहे आणि प्रोग्रॅमिंगला त्यांनी यंदाच सुरुवात केली. एकच शब्द मुलं किती तऱ्हांनी लिहितात हे त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत आहे.

सध्या कोणती ॲनिमेशनं हवी आहेत?

वहीतले हे प्रश्न अजून मोकळे आहेत: ‘रिटर्न आणि प्रिंट एकच ना?’ ‘फंक्शनच्या आतलं नाव बाहेर का दिसत नाही?’ ‘स्वतःलाच बोलावणारं फंक्शन थांबतं कधी?’ आणि घणसोलीच्या काकांचा एक. त्यांनी विचारलं आहे, की तुर्भ्यानंतर एक गाडी सानपाड्याकडे जाते आणि एक जुईनगरकडे, मग ही यादी एका ओळीत कशी लिहायची? त्याला ग्राफ, म्हणजे फाटे दाखवता येतील अशी रचना, लागेल. स्थानकांच्या चौकटी तयार आहेत, बाणही आहेत. पायऱ्या लिहायला कुणी घेत असेल तर रविवारी वहीत त्या प्रश्नापुढे आपलं नाव लिहा.